आमच्या घरावर पडलेली धाड

बाबांच्या तळहातात रुतलेल्या सीडीच्या कपच्या आई सुईनं काढायची. कामावरून आले की ते आधी हात धुवायचे, मग खिडकीपाशी स्टुलावर बसून हात पुढे करायचे. आई गॅसवर सुई तापवायची, पदरानं पुसायची आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून शोधायला लागायची. सीडीची कपची कातडीत शिरली की दिसेनाशी होते. हात तिरपा धरला तर कुठंतरी निळी-जांभळी चमक उठते, तेवढीच खूण. "हलू नका हो," आई म्हणायची. बाबा हलायचे नाहीत. दुखतंय असंही कधी म्हणाले नाहीत.

सीडी फोडणं हे त्यांचं काम होतं. सीडी विकणाऱ्यांनाही ते फोडायचे. हे घरात कुणी बोलत नसे, पण आम्हा दोघींना माहीत होतं.

बाबा मूळचे वऱ्हाडातले. तरुणपणी पुण्यात आले आणि भोसरीच्या एका कारखान्यात लागले. गाड्यांचे सुटे भाग बनायचे तिथं. पंधरा-सोळा वर्षं त्यांनी एकाच मशीनवर काढली. मग देशाची दारं उघडली, बाहेरचा माल आला, आणि त्याच्या मागोमाग नकली मालही आला. त्यांच्याच कारखान्याचा शिक्का मारलेले खोटे भाग दुकानात निम्म्या किमतीला मिळायला लागले. एके सकाळी बाबा कामावर गेले तर गेटला कुलूप होतं. कारखाना बुडण्याची दुसरी कारणंही असतील, पण बाबांच्या मते एकच होतं. "आपल्याले नकली मालानं मारलं," ते म्हणायचे. एरवी त्यांची भाषा पुण्याची झाली होती, पण राग आला की वऱ्हाडी वर यायची.

दोन वर्षं त्यांनी इथंतिथं वॉचमनगिरी केली. मग युनियनमधल्या एका ओळखीच्यानं त्यांना कॅम्पातल्या एका एजन्सीत नेलं. चोरून काढलेल्या सीडी पकडण्यासाठी गाण्यांच्या कंपन्यांनी नेमलेली ती खाजगी एजन्सी. तिथल्या साहेबानं बाबांना उभं केलं, खांद्यांकडे बघितलं आणि ठेवून घेतलं. जीपमध्ये पाच-सहा माणसं, सोबत एखादा हवालदार, साहेबाच्या हातात कागद, आणि बाकीच्यांच्या हातात दांडकी. त्याला ते 'रेड' म्हणायचे. बाबांचा त्या कामावर विश्वास होता, हे सांगायला हवं. ते पोटासाठी मारत होते हे खरं, पण नुसते पोटासाठी मारत नव्हते. कारखान्याचं गेट बंद करणारा कुणीतरी त्यांना प्रत्येक फुटपाथवर दिसायचा.

ते घरीही मारायचे. रोज नाही. महिन्यातून एखाद्या वेळी, आणि त्याला कारण लागत नसे. भाकरी करपली, दार उघडायला वेळ लागला. आई जिन्यावरच्या पावलांवरून ओळखायची. पावलं जड असली तर मला डोळ्यांनी खूण करायची, की आत जा. मी कॉलेज संपवून खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीला लागले तरी ती खूण तशीच होती, आणि मी तशीच आत जात होते.

आमचं घर कात्रजला, सर्पोद्यानाच्या मागच्या अंगाला. तिथून खराडी म्हणजे शहराचं दुसरं टोक. स्वारगेटला बस बदलावी लागायची. तिथल्या स्टॉपमागे एक माणूस फुटपाथवर निळी ताडपत्री अंथरून सीडी विकायचा. चाळिशीचा असेल. बार्शीला त्याचं कॅसेटचं दुकान होतं म्हणे, ते बंद पडल्यावर पुण्यात आला. एका सीडीत दीडशे गाणी भरायचा आणि प्रत्येक पाकिटात स्वतःच्या हातानं गाण्यांची यादी लिहून घालायचा. अक्षर फार सुंदर होतं. "ताई, तुमच्या आवडीची वेगळी करून ठेवलीय," म्हणायचा. मी त्याच्याकडून चार-पाच सीडी घेतल्या होत्या. त्या ऑफिसच्या बॅगेत, डब्याच्या खालच्या कप्प्यात असायच्या. मी कुणाची मुलगी आहे हे त्याला माहीत नव्हतं.

एका सकाळी मी स्टॉपवर उभी असताना जीप आली. बाबा पुढच्या दारानं उतरले. त्यांनी मला पाहिलं नाही. सरळ ताडपत्रीकडे गेले आणि पहिल्या लाथेत सगळी मांडणी उडवली. बाकीच्यांनी सीडी गोळा करून रस्त्यावर ओतल्या आणि दांडक्यांनी फोडायला लागले. प्लास्टिक तडकण्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तो फार मोठा होता. तो माणूस मागं ठेवलेल्या पिशवीवर पालथा पडला. पिशवीत बहुतेक कोऱ्या सीडी असाव्यात. दोन्ही हातांनी ती त्यानं कवटाळली होती.

"हात काढ," बाबा म्हणाले.

"साहेब, उद्यापासून नाही लावत. आजच्या दिवस…"

"हात काढ म्हणतो ना."

त्यानं हात काढला नाही. बाबांनी दांडकं वर नेलं आणि बोटांवर आणलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी तो ओरडला नाही, नुसतं तोंड उघडलं. उजव्या हाताची दोन बोटं भलत्याच बाजूला वळलेली मला दिसली. हवालदार रहदारीकडे बघत होता. माझ्या शेजारी उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "चला, निदान चालायला जागा झाली."

जीपमध्ये कोंबताना त्या माणसानं मान वर केली आणि त्याची नजर माझ्यावर पडली. ओळखीचं गिऱ्हाईक दिसल्यावर जसं बघतात तसं बघितलं, क्षणभर. मी बसच्या पाटीकडे तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळी बाबा स्टुलावर बसले, आई सुई घेऊन बसली. "आज जरा जास्त लागलंय," बाबा म्हणाले. मी चहा केला आणि दोघांना दिला. याहून जास्त काही केलं नाही.

त्या दिवाळीला साहेबानं एजन्सीतल्या प्रत्येकाला मिठाईच्या पुड्याबरोबर एकेक नवी सीडी दिली. जुन्या सिनेमांतली गाणी, चकचकीत वेष्टनातली. बाबा ती घरी घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "ओरिजिनल आहे," ते म्हणाले, आणि वरचा प्लास्टिकचा कागद फाटू नये म्हणून ब्लेडनं कडेनं कापला.

कॉम्प्युटर मी पहिल्या पगारांतून तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून जुळवून घेतला होता. बाहेरच्या खोलीत टेबलावर होता, त्याच्यावर आईनं क्रोशाचं झाकण विणून घातलं होतं. बाबांनी सीडी आत सरकवली. गाणं लागण्याआधी पडद्यावर एक चौकट आली, तिच्यात इंग्रजीत लांबच लांब मजकूर.

"काय म्हणतंय ते?" बाबांनी विचारलं.

"काही नाही, मान्य आहे का विचारतंय."

"मग म्हण की मान्य."

मी बटण दाबलं. दिवसभर ऑफिसात मी लोकांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचे, त्याच कामाचा पगार घ्यायचे. घरी मात्र एक ओळही वाचली नाही. ती सीडी नेहमीच्या प्लेअरवर वाजली नाही, स्वतःचाच एक छोटा प्लेअर उघडून वाजली. मला त्याचंही काही वाटलं नाही. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते, आई दारात उभी राहून ऐकत होती. घरात अशा संध्याकाळी फार आल्या नाहीत.

पुढं महिन्याभरात कॉम्प्युटर मंद झाला. सुरू व्हायला वेळ घ्यायचा, मध्येच थबकायचा. घरी नुकतंच ब्रॉडबँड घेतलं होतं. एक दिवस माझ्या लक्षात आलं की आपण काही करत नसलो तरी सीडी वाजायला लागली की मोडेमचा दिवा लुकलुकतो. काहीतरी बाहेर जात होतं. मी ऑफिसातल्या सिनिअरला सांगितलं. तो म्हणाला, काही कंपन्या आता सीडीतूनच घरच्या कॉम्प्युटरमध्ये लपलेला प्रोग्राम सोडतात. तो प्रोग्राम सीडीची कॉपी काढू देत नाही, आणि कोण काय ऐकतं त्याची खबरही कंपनीला देतो. त्यानं मला लपलेल्या फायली शोधायचं एक टूल पेन ड्राइव्हवर दिलं.

शनिवारी मला सुट्टी होती. बाबा रेडला गेले होते, आई मार्केट यार्डात आठवड्याची भाजी आणायला. मी टूल चालवलं आणि एरवी कुठंच न दिसणारा एक फोल्डर समोर आला. त्याच्यात प्रोग्राम होता, आणि एक साधी यादी होती. तारीख, वेळ, सीडी कुठली, गाणं कितवं.

रविवार सकाळच्या ओळी बाबांच्या, तेव्हा तेच सीडी लावायचे. त्या मला अपेक्षित होत्या. पण त्यांच्या मध्ये दुसऱ्या ओळी होत्या. सोमवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. मंगळवार, दोन पंधरा. बुधवार, पुन्हा दोन दहा. सगळ्या सुट्टी नसलेल्या दिवसांच्या, बाबा आणि मी दोघंही घराबाहेर असतानाच्या. आणि दर वेळी एकच गाणं, सातव्या नंबरचं. एकेका दुपारी चार-चार वेळा.

आईला कॉम्प्युटर लावता येत नाही असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. आम्ही कधी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. माझ्या पाठीमागं उभी राहून ती शिकली असणार. दुपारी भांडी आवरून, क्रोशाचं झाकण काढून, ते एक गाणं ऐकायचं आणि सगळं होतं तसं ठेवून द्यायचं. ती यादी वाचताना मला कुणाच्या तरी न्हाणीघरात डोकावल्यासारखं झालं. तरी मी खालपर्यंत वाचली, आणि पेन ड्राइव्हवर उतरवूनही घेतली, पुरावा म्हणून.

मग मी तो प्रोग्राम काढून टाकला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर सीडीचा ड्राइव्हच गायब. यंत्र जागेवर होतं, ट्रे बाहेर यायचा, आत जायचा, पण कॉम्प्युटर म्हणायचा की असं काही नाहीच. जाता जाता त्या प्रोग्रामनं दार तोडून ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत खटपट केली, जमलं नाही.

रविवारी सकाळी बाबांनी आंघोळ केली, सीडी घातली. काही वाजलं नाही. पुन्हा घातली. मग मला हाक मारली.

"काय घातलं होतंस याच्यात?"

"काही नाही बाबा. तुमच्याच सीडीत…"

"माझ्या सीडीत? ओरिजिनल आहे ती. चोरीचा माल घातल्याशिवाय असं होत नाही, साहेब सांगतात आम्हाला." ते बोलत बोलत आतल्या खोलीत गेले. माझी बॅग त्यांनी खाटेवर उपडी केली. डबा पडला, छत्री पडली, आणि पाठोपाठ ती पाकिटं पडली, आत सुंदर अक्षरातल्या याद्या असलेली.

बाबांनी एक यादी उचलून वाचली. त्यांनी ते अक्षर ओळखलं की नाही, मला माहीत नाही. अशा हजार पाकिटांवर ते चालून गेले होते. त्यांनी विचारलं काही नाही. पहिली थप्पड कानावर बसली आणि कानात शिट्टी वाजायला लागली. दुसरी चुकवायला मी वळले तर टेबलाच्या कडेवर तोंड आपटलं. ओठ फाटला. दातांत काहीतरी खारट भरलं, आणि मी हात लावला तर बोटं लाल झाली.

"माझ्या घरात! मी दिवसभर हेच शोधत फिरतो आणि ते माझ्याच घरात!"

आई मध्ये आली. "अहो, तरण्या पोरीवर हात…" तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत बाबांनी तिला ढकललं. ती भिंतीवर आदळली, फळीवरचे डबे खाली आले. पोहे घरभर सांडले. बाबांनी पुन्हा हात उचलला.

मला त्या क्षणी सुटायचं होतं. दुसरं काही नाही, नुसतं सुटायचं होतं. "मी दाखवते," मी ओरडले. "तुमचा साहेबच शिरलाय आपल्या घरात. मी दाखवते तुम्हाला."

तोंडावर टॉवेल दाबून मी पेन ड्राइव्ह लावला आणि ती यादी उघडली. आईच्या ओळी त्यात आहेत हे मला माहीत होतं. आदल्या दिवशीच त्या खोडता आल्या असत्या, अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पुराव्याला हात लावायचा नाही असं मी स्वतःला सांगितलं होतं. आणि आता हात वर गेलेला असताना मी ते सगळं त्यांच्यासमोर ठेवलं.

बाबांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण आकडे आणि वार कळत होते. "हा रविवार. मी लावली होती," ते बोट ठेवत म्हणाले. "हाही रविवार. हे सगळं त्यांच्याकडे जातं?"

"जातं."

बोट खाली सरकलं आणि थांबलं. "दुपारी दोन दहा. सोमवारी. दुपारी घरात कोण होतं?"

बाहेर पाण्याचा टँकर आला होता, बायका हंडे घेऊन पळत होत्या, तेवढाच आवाज.

"मी होते," आई म्हणाली. ती अजून खालीच बसली होती, पोह्यांमध्ये.

"रोज?"

"हो. रोज."

आता तिला मार पडणार असं मला वाटलं. तिलाही वाटलं असावं, कारण तिनं चष्मा काढून हातात घेतला. पण बाबा नुसते पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्या साहेबाले माहीत आहे. माझी बायको दुपारी काय ऐकते, त्याले माहीत आहे. अन् मले नाही."

त्यांचा राग कशाचा होता, यावर मी पुढं खूप विचार केला. आपल्या घरात परका न विचारता शिरला याचा होता, हे खरं. पण आईची दुपार ही आईची होती, हे त्यांच्या डोक्यात आलं होतं असं मला वाटत नाही. ती त्यांची होती आणि कुणीतरी ती चोरली, असा तो राग होता.

सोमवारी ते म्हणाले, "चल माझ्यासोबत, तुला ते इंग्रजीत सांगता येईल." माझा ओठ सुजून निळा पडला होता. ऑफिसात आजारी असल्याचं कळवून मी स्कूटरवर मागं बसले. मार्केट यार्डापाशी ट्रकांमुळे रस्ता तुंबला होता. एका टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला तर बाबांनी उतरून त्याच्या दारावर लाथ मारली आणि परत येऊन काही न बोलता स्कूटर सुरू केली. तिथूनच परत फिरावं असं मला वाटत होतं. म्हणायचं धाडस झालं नाही.

एजन्सीत बाहेरच्या बाकावर जीपची वाट बघत बाबांचे जोडीदार बसले होते. त्यातले दोघं-तिघं आमच्याकडे जेवून गेलेले. मोठ्या मिशांचा एक होता, तो सणाला यायचा आणि आईच्या हातचं वऱ्हाडी भरीत मागून घ्यायचा. "भाऊ, आज लेकीला घेऊन?" तो म्हणाला. बाबा थांबले नाहीत.

साहेब पस्तिशीचा, गोरागोमटा. यादीचा छापलेला कागद मी समोर ठेवला आणि काय काय सापडलं ते सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता.

"ही स्टँडर्ड गोष्ट आहे काका. प्रोटेक्शनसाठी. आणि तुम्ही अ‍ॅग्री केलंय ना? त्याशिवाय सीडी सुरूच होत नाही."

"आम्हाला कुठं सांगितलं की हे घरात राहील?" मी म्हणाले.

"लिहिलंय मॅडम. वाचायचं असतं." मग तो बाबांकडे वळला. "हे बघा, ज्याच्या घरात चोरीचं काही नाही, त्याला कसली भीती?"

हे वाक्य बाबांचंच होतं. रेडला दुकानात शिरताना ते हेच म्हणायचे, आणि घरी येऊन आम्हाला सांगायचेही. आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांच्या मानेची शीर टरारून आलेली मला दिसली.

"मी कोणाच्या दुकानात शिरतो तर पोलीस घेऊन शिरतो," बाबा म्हणाले. "समोरच्याला दिसतो तरी मी. तुम्ही चोरासारखे शिरले. माझी बायको दुपारी घरात एकटी असते, ती काय करते ते तुम्ही लिहून घेता?"

साहेबानं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि हसला. "काका, फॅमिलीची एवढी काळजी? मग मुलीच्या ओठाला काय झालं? तेही आमच्या सॉफ्टवेअरनंच केलं का?"

बाबा टेबलावरूनच गेले. साहेबाची कॉलर धरून त्यांनी त्याला पुढं ओढलं आणि तोंडावर ठोसा मारला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला. टेबलावरची काच तडकली, कागदांवर रक्त सांडलं. बाबांनी आणखी दोन मारले. "धरा रे!" साहेब नाकातून ओरडला. "बघत काय बसलात?"

जोडीदार दारात आले होते. क्षणभर ते थबकले, हे मी शपथेवर सांगेन. मग पहिलं दांडकं पडलं आणि पाठोपाठ बाकीची पडली. त्यांना मारायची पद्धत ठाऊक होती, बाबांच्याच हाताखाली ते ती शिकले होते. पोटरीवर, खांद्यावर, बरगडीत. बाबा गुडघ्यांवर आले तरी त्यांनी टेबलाची कड सोडली नव्हती. मी मध्ये पडले तर कुणीतरी वेणी धरून मला मागं फेकलं. मिशीवाला म्हणाला, "भाऊ, हात सोडा." बाबांनी सोडला नाही. त्यानं मनगटावर दांडकं घातलं. बाबा तेव्हा ओरडले. त्यांचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

साहेबानं पोलिसांत तक्रार केली. चौकीत बाबा बाकावर बसले होते, मनगटाला माझी ओढणी गुंडाळलेली, ती लाल होत चाललेली. तिथला हवालदार रेडमुळे ओळखीचा होता. "काय भाऊ, आज या बाजूला?" एवढंच म्हणाला आणि लिहायला लागला. दवाखान्यात न्यायलाही त्यानं दुपार केली.

दोन दिवसांनी एजन्सीचा वकील घरी आला. त्याच्याकडे दोन कागद होते. एकात लिहिलं होतं की साहेब मारहाणीची तक्रार मागे घेतो. दुसरा माझ्यासाठी होता. कॉम्प्युटरमध्ये काय सापडलं त्याबद्दल माझी तक्रार नाही, मी ते वर्तमानपत्राला किंवा कुणालाही सांगणार नाही, आणि पेन ड्राइव्ह त्यांच्या ताब्यात देते. माझा सिनिअर एका पत्रकाराशी बोलून बसला होता. तो म्हणाला होता की सही करू नकोस, हे फक्त तुमच्या घरात नसणार, कितीतरी घरांत असेल. मला ते पटत होतं. बाबा प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होते. तुरुंगाची भीती त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाहिली. "कर सही," ते म्हणाले. तो कागद मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि सही केली.

आठवड्याभरानं आई शेंगा निवडत बसली होती. मी शेजारी बसले.

"ती यादी तू आदल्या दिवशीच वाचली होतीस ना?" तिनं विचारलं.

"हो."

"माझ्या ओळी काढता आल्या असत्या?"

"आल्या असत्या."

तिनं हातातली शेंग मोडली. मग म्हणाली, "ह्यांनी तुला मारलं ते मी पाहिलं. आणि तू काय केलंस, तेही पाहिलं." आवाज चढलेला नव्हता. मला तो मार त्या दिवशीच्या थपडांपेक्षा जास्त लागला.

कॉम्प्युटर मी तपकीर गल्लीत नेऊन, आतलं सगळं पुसून नव्यानं भरून आणला. ड्राइव्ह परत आला. आई पुन्हा त्याच्याजवळ गेली नाही. मी तिला एक छोटा कॅसेट प्लेअर आणून दिला, तो तिनं खोक्यासकट कपाटात ठेवून दिला. "काय ऐकायचं ते ऐकून झालं," म्हणाली. सातव्या नंबरचं गाणं तिला कसली आठवण करून द्यायचं, हे विचारायचा हक्क मी गमावला होता.

काही महिन्यांनी मी चंदननगरला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायला गेले. बाबांनी अडवलं नाही. त्यांचं मनगट वाकडं जुळलं, मूठ पूर्ण मिटत नसे. आईवर हात उचलणं थांबलं. माणूस बदलला म्हणून, की हात राहिला नाही म्हणून, ते मी सांगू शकत नाही. एकदा डाव्या हातानं त्यांनी ताट भिरकावलं होतं असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. स्वारगेटला मी बरेच दिवस त्या सीडीवाल्याला शोधत होते. त्याच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा बसायला लागला होता, त्याला काही माहीत नव्हतं.

पुढं सीडीच संपल्या. गाणी फोनमध्ये आली, एजन्सी बंद झाली, तिथली माणसं पांगली. एका रविवारी मी कात्रजला गेले होते, तेव्हा दार वाजलं. तो मिशीवाला होता. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. हातात लग्नपत्रिका होती, कुंकवाचं बोट लावलेली.

आई त्याला बघून आत निघून गेली. बाबा खुर्चीतून उठले नाहीत, पण "बस" म्हणाले. तो टेकला.

"भाऊ," तो म्हणाला, "त्या दिवशी साहेबानं सांगितलं म्हणून… मुलीच्या लग्नाच्या आधी एकदा येऊन जावं म्हटलं."

"मी पण तसंच मारत होतो," बाबा म्हणाले. "सांगितलं म्हणून."

चहा मी केला. आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, तिनं कपाला हात लावला नाही. त्यानं चहा घेतला, पत्रिका स्टुलावर ठेवली आणि बाबांच्या पाया पडून गेला.

लग्नाला बाबा गेले. आई गेली नाही.